जाड वस्तरा, पातळ वस्तरा

गेल्या महिन्यात टीममधल्या एका मित्राने मला व्हॉट्सॅपवर दोन वस्तऱ्यांचे फोटो पाठवले. खाली प्रश्न होता, 'फुल हॉलो घेऊ की हाफ हॉलो? माझी दाढी तुला माहीतच आहे.'

त्याची दाढी मला खरंच माहीत आहे. आमचं ऑफिस अंधेरीला, मरोळच्या बाजूला आहे आणि चार वर्षं आम्ही शेजारी बसतोय. दाट, राठ, गळ्यापाशी भोवऱ्यासारखी फिरणारी दाढी. सकाळी केली की संध्याकाळच्या कॉलला पुन्हा दिसायला लागते. चार-पाच पात्यांच्या रेझरने त्याच्या गळ्यावर लाल पुटकुळ्या येतात, म्हणून आता त्याला खरा, घडीचा, दगडावर धार लावायचा वस्तरा घ्यायचाय. ऑफिसात या विषयातला एक्स्पर्ट मी. गेली पाच वर्षं मी वस्तऱ्यानेच दाढी करतो. कुणाला फाउंटन पेनांचा नाद, कुणाला कॉफीच्या बियांचा, तसा मला वस्तऱ्यांचा, असं सगळे समजतात. मीही तसं समजू दिलं.

माझे आजोबा घाटकोपर स्टेशनबाहेर विटेवर गिऱ्हाईक बसवून दाढ्या करायचे. 'ईंटालियन सलून' हा मुंबईतला जुना विनोद आहे ना, ते सलून आमचं होतं. नंतर बाबांनी भटवाडीत तीन खुर्च्यांचं दुकान चालवलं. माझे वस्तरे ऑनलाइन मागवलेले नाहीत. ते आजोबांच्या धोकटीतले आहेत. हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मित्राच्या प्रश्नाचं उत्तर दहा मिनिटांत देता आलं असतं. मला आठवडा लागला.

पाठ, पोट आणि धार

आधी उत्तराचा सोपा भाग.

वस्तऱ्याच्या पात्याची एक कड जाड असते, ती पाठ. दुसरी कड म्हणजे धार. दोन्हींच्या मधल्या भागाला आमच्या घरात पोट म्हणतात. हे पोट गोल फिरणाऱ्या चाकावर दोन्ही बाजूंनी घासून आत घेतलेलं असतं. अजिबात घेतलं नसेल तर पातं पाचरीसारखं सरळ उतरतं. त्याला वेज म्हणतात. थोडं घेतलं की क्वार्टर हॉलो, आणखी घेतलं की हाफ हॉलो, आणि धारेजवळचं पोलाद कागदासारखं पातळ होईपर्यंत घेतलं की फुल हॉलो. चाक जितकं लहान, तितका खड्डा खोल. फुल हॉलोचं पोट इतकं पातळ असतं की खुंटांवरून फिरताना ते बारीक आवाज करतं. इंग्रजीत त्याला वस्तरा 'गातो' असं म्हणतात.

इंजिनीअर असल्यामुळे मला आधी वाटायचं की पातळ वस्तरा म्हणजे जास्त धारदार. ते चूक आहे. धार लावताना वस्तरा दगडावर आडवा ठेवतात. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात. म्हणजे धारेचा कोन ठरतो तो पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांवरून. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. सहा अष्टमांश म्हणजे साधारण १९ मिलिमीटर. पाठ ५ मिलिमीटर धरली तर कोन येतो सुमारे १५ अंश. मधलं पोट भरलेलं असो की रिकामं, या हिशेबात ते कुठेच येत नाही. जाड आणि पातळ, दोन्ही वस्तरे सारखेच धारदार होऊ शकतात.

फरक पडतो तो धारेच्या मागे उभ्या असलेल्या पोलादाने. राठ, दाट, वाढलेल्या खुंटांना पातळ पातं भिडलं की ते किंचित वाकतं, थरथरतं, आणि हात नवखा असेल तर गालावर अडखळतं. जाड पात्याचं वजनच ते काम ओढून नेतं. उलट विरळ, मऊ, रोज होणाऱ्या दाढीवर जाड पातं आंधळं वाटतं. खाली केस आहे की त्वचा हे बोटांना कळत नाही. पातळ पातं प्रत्येक खुंटाची बातमी हाताला देतं. म्हणून ढोबळ नियम असा: दाढी राठ आणि दोन-तीन दिवसांची असेल तर वेज किंवा क्वार्टर हॉलो, मऊ आणि रोजची असेल तर फुल हॉलो, आणि काहीच ठरत नसेल तर हाफ हॉलो.

पुटकुळ्यांचं कारण मात्र वेगळं आहे. वळणदार केस फार खोलवर कापला की त्याचं टोक त्वचेखाली जातं आणि वाढताना आतच रुतून बसतं. त्यावर उपाय म्हणजे केसांच्या दिशेने, उलटा हात न मारता, थोडी कमी गुळगुळीत दाढी करणं. त्यासाठी कुठलाही वस्तरा चालतो.

आणि पाणी. 'बिनपाण्याने करणे' हा वाक्प्रचार आपण ऑफिसात सर्रास वापरतो, क्लायंटने झापलं की. त्यामागे शुद्ध विज्ञान आहे. पाणी प्यायलेला केस मऊ होतो आणि तो कापायला बराच कमी जोर लागतो. कोरड्या दाढीवर फिरणारा वस्तरा काय करतो, हे ज्याने सोसलं त्यानेच तो वाक्प्रचार घडवला असणार.

मुंबईहून गेलेलं पोलाद

हे प्रकार आले कुठून, हे शोधताना मला पहिला धक्का मुंबईनेच दिला.

अठराव्या शतकात युरोपात चांगला वस्तरा बनवणं ही पोलादाची अडचण होती. पोलाद एकसारखं नसलं की धार कुठे टिकते, कुठे तुटते. म्हणून पाती जाड ठेवावी लागत. १७४० च्या दशकात शेफिल्डमध्ये बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळवून ते एकजीव करण्याची पद्धत बसवली. १७६९ च्या सुमारास पॅरिसमध्ये झाँ-झाक पेरे या चाकूसाज कारागिराने स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याआधी ते काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं असतं, असंच बहुतेकांनी धरलेलं होतं.

दक्षिण भारतातले कारागीर तर मुशीतलं पोलाद कितीतरी शतकं आधीपासून बनवत होते. कन्नडमधल्या 'उक्कु' शब्दाचं इंग्रजांनी 'वूट्झ' केलं. १७९४ मध्ये मुंबईतल्या हेलेनस स्कॉट या डॉक्टरने या पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सनने रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला आणि शीर्षकात हे पोलाद मुंबईत बनतं असं लिहून टाकलं. बनत होतं दक्षिणेत. मुंबई हे फक्त पाठवणारं बंदर. पण लेबल मुंबईचं लागलं. डिलिव्हरी करणाऱ्या टीमला क्रेडिट मिळण्याची परंपरा जुनी आहे.

लंडनचा जेम्स स्टोडार्ट शस्त्रक्रियेची हत्यारं आणि वस्तरे बनवायचा. त्याने आपल्या दुकानाच्या कार्डावरच छापलं होतं की तो भारतातल्या वूट्झचा माल बनवतो आणि युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा ते त्याला पसंत आहे. याच स्टोडार्टबरोबर तरुण मायकेल फॅरडेने १८१८ ते १८२२ या काळात पोलादाचे मिश्रधातू बनवण्याचे प्रयोग केले. विजेचा फॅरडे, आपल्या बारावीच्या पुस्तकातला. त्या पोलादाचे वस्तरे तो मित्रांना भेट द्यायचा.

पोलाद एकजीव आणि भरवशाचं झाल्यावर पोट आत घेणं शक्य झालं. एकोणिसाव्या शतकात चाकं लहान होत गेली, खड्डे खोल होत गेले. शेफिल्डचे जाड, पाचरीसारखे वस्तरे आणि जर्मनीतल्या झोलिंगनचे पातळ, पोकळ वस्तरे अशी दोन टोकं तयार झाली. मित्राने पाठवलेल्या फोटोंमधला पहिला वस्तरा झोलिंगनचा होता.

धोकटीतले दोन

आजोबांच्या धोकटीतही दोनच वस्तरे आहेत. धोकटी म्हणजे न्हाव्याची चामडी पिशवी. तिच्यात कातर, नखं काढायची नराणी, वाटी, धारेचा दगड, तुरटी आणि पारा उडालेला छोटा आरसा. एक वस्तरा जाड, जवळजवळ वेज, कुठलाही छाप नसलेला, गावाकडून आणलेला. दुसरा पातळ, पाठीवर झोलिंगनचं नाव कोरलेला, मुंबईत सेकंडहँड घेतलेला. आजोबा माण तालुक्यातले, सातारा जिल्हा. १९७२ च्या दुष्काळात मुंबईला आले.

मी बाबांना विचारलं, "जाड वस्तरा राठ दाढीला आणि पातळ मऊ दाढीला, असंच ना?"

बाबा हसले. "कसली राठ नि कसली मऊ? गिऱ्हाईक किती दिवसांनी आलंय ते बघायचं."

हे उत्तर मी वाचलेल्या एकाही लेखात नव्हतं. तिथे सगळीकडे दाढीचे प्रकार होते: जाड, बारीक, सरळ, कुरळी, संवेदनशील त्वचा. बाबांच्या हिशेबात दाढीचे प्रकार होते कालची, परवाची, रविवारची, पंधरवड्याची. आणि ते अगदी बरोबर आहे. दाढी दिवसाला पाव ते अर्धा मिलिमीटर वाढते. पंधरवड्याची दाढी कितीही मऊ माणसाची असली तरी पातळ पात्याला जड जाते; राठ माणसाने रोज केली तर पातळ पातं निभावून नेतं.

मग प्रश्न येतो की दाढी किती दिवसांनी होणार हे कोण ठरवतं.

गावात ते बलुतं ठरवायचं. न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. दर दाढीचे पैसे नाहीत. सुगीला खळ्यावर धान्य मिळायचं. पाटलाची, इनामदाराची दाढी वरचेवर, आणि तीही घरी जाऊन. कुणब्याची आठ-पंधरा दिवसांनी, आजोबा पारावर बसले की तिथे. साबण नाही, वाटीतलं पाणी आणि अंगठ्याने रगडणं. इतक्या वाढलेल्या, नुसत्या पाण्याने भिजवलेल्या दाढ्यांना जाड वस्तराच हवा. लोहाराने घडवलेलं ते पातं मागासलेलं नव्हतं. ज्या दाढ्या समोर यायच्या त्यांच्यासाठी ते अगदी बरोबर होतं.

मुंबईत ते गिरणी आणि ऑफिसं ठरवायची. रविवारची सुट्टी हा मुंबईच्या सलूनांचा पाया. बाबांचं दुकान सोमवारी बंद असायचं, कारण रविवारी पाय ठेवायला जागा नसायची. ही रविवारची सुट्टी आकाशातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि त्यांच्या लढ्यातून १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आठवड्याची दाढी हा प्रकार या शहरात रुजला त्यात त्या सुट्टीचा मोठा वाटा. तिला जाड वस्तरा लागायचा. रोज दाढी करून लोकल पकडणाऱ्या कारकुनासाठी आजोबांनी तो झोलिंगनचा पातळ वस्तरा घेतला.

म्हणजे वस्तऱ्याचं पोट बघून दाढी कुणाची होती हे थोडंफार सांगता येतं. एवढं लक्षात आल्यावर मी खूश होतो. मित्राला पाठवायला छान लेखच तयार झाला होता. मग मी तो प्रश्न विचारला, जो मला आधीपासून विचारायचा होता.

कुणाची दाढी

शाळेत असताना आमच्या समाजाबद्दल काही बोलायची वेळ आली की माझ्याकडे ठरलेली नावं होती. वारकरी परंपरेतले संत सेना महाराज, त्यांचा फोटो बाबांच्या दुकानात आरशाच्या वर होता. पन्हाळ्याच्या वेढ्यात १६६० मध्ये शिवाजी महाराजांचं सोंग घेऊन मरणाला सामोरे गेलेले शिवा काशीद. ही नावं घेताना मान ताठ व्हायची.

इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षी मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचलं. लहानसं आहे, मोबाइलवर एका प्रवासात वाचून होतं. त्यात ते साताऱ्यातल्या बालपणाबद्दल लिहितात. घरातल्या मुलांचे केस कापायचं, हजामत करायचं काम त्यांची मोठी बहीण करायची. साताऱ्यात न्हावी होते. द्यायला पैसेही होते. पण एकही न्हावी अस्पृश्यांचे केस कापायला तयार नव्हता. भावांचे केस कापून कापून ती बहीण त्या कामात तरबेज झाली.

मी घाटकोपरला उतरायचं विसरलो आणि ठाण्यापर्यंत गेलो.

सातारा जिल्हा. माझ्या आजोबांचा जिल्हा. तो प्रसंग आजोबांच्या जन्माआधीचा, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांतला. तेव्हा जे न्हावी नाही म्हणाले ते माझ्या खापरपणजोबांच्या ओळखीतले असतील, नसतील. पण ती बहीण हातात कातर घेऊन बसली आहे, हे चित्र माझ्या डोक्यातून गेलं नाही. इतकी वर्षं मी बाबांना काही विचारलं नव्हतं. या वेळी विचारलं.

"गावात आजोबा सगळ्यांच्या दाढ्या करायचे?"

बाबा पट्ट्यावर वस्तरा फिरवत होते. हात थांबला नाही, पण वेग कमी झाला. "गावात नाही," ते म्हणाले. "खालच्या वस्तीत नाही जायचे. त्यांचं त्यांच्यातलंच कुणीतरी करायचं."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत?"

"काय विचारणार? मी सहा वर्षांचा होतो आलो तेव्हा."

१९४८ च्या नोव्हेंबरात संविधान सभेत एका कलमावर चर्चा चालू होती. दुकानं, हॉटेलं, विहिरी यांच्या वापरात धर्म, जात यांवरून कुणाला अडवता येणार नाही, असं ते कलम. आज ते पंधराव्या कलमात आहे. दुकान या शब्दात नक्की काय काय येतं, असा मुद्दा निघाला. डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिलं की दुकान हा शब्द इथे नुसतं आत शिरण्यापुरता नाही. जो कुणी आपली सेवा लोकांना देऊ करतो, त्याची सेवा मागण्याचा हक्क त्यात येतो. ज्यांचे केस लहानपणी कुणी कापले नाहीत, ते त्या दिवशी दुकान या शब्दाचा अर्थ रुंद करत होते. १९५५ मध्ये अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा झाला. आजोबांनी गाव सोडलं १९७२ मध्ये. मधे सतरा वर्षं होती.

ही एक बाजू. आता दुसरी, कारण तीही याच वस्तऱ्याची आहे.

ज्या लोखंडेंनी रविवारची सुट्टी मिळवून दिली, त्यांच्याच पुढाकाराने त्याच १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांनी एक संप केला. पगारवाढीसाठी नाही. उच्चवर्णीय घरांत नवरा मेला की बायकोचं डोकं भादरायचे. एकदा नाही, केस वाढले की पुन्हा पुन्हा, मरेपर्यंत. लाल आलवण नेसलेली, कधी बारा-पंधरा वर्षांचीही मुलगी खाली मान घालून बसणार आणि न्हावी वस्तरा फिरवणार. ते काम करायचं नाही, असं न्हाव्यांनी सभा घेऊन ठरवलं. लोखंडे हे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे. 'दीनबंधु' हे त्यांचं पत्र. आगरकर 'सुधारका'तून केशवपनाविरुद्ध लिहीत होते, ह. ना. आपटे 'पण लक्षांत कोण घेतो?' लिहून यमूची कहाणी सांगत होते. लिहिणाऱ्यांच्या हातात लेखणी होती. न्हाव्यांच्या हातात वस्तरा होता, आणि तो खाली ठेवला तर घरातला पैसा थांबणार होता. तरी त्यांनी तो ठेवला.

संपाने प्रथा एका दिवसात संपली नाही. पुढेही कित्येक वर्षं महाराष्ट्रात सोवळ्या बायका दिसत राहिल्या. पण त्या संपाची गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी ती आईला, बाबांना, मामाला, सगळ्यांना फोन करून सांगितली होती. आंबेडकरांच्या बहिणीची गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. हा फरक माझ्या लक्षात यायला इतकी वर्षं लागली.

दोन्ही ठिकाणी न्हाव्याने नाहीच म्हटलंय. एकदा वरून आलेल्या कामाला, एकदा खालून आलेल्या माणसाला. पहिल्या नकाराची किंमत त्याने स्वतः मोजली. दुसऱ्याची किंमत एका मुलीने कातर शिकून मोजली. आपल्या लोकांचा इतिहास सांगताना मला यातला एकच नकार निवडता येणार नाही.

"आणि इथे? घाटकोपरला?" मी बाबांना विचारलं.

"इथे कुणाला विचारणार तू? गिऱ्हाईक आलं, विटेवर बसलं. रमाबाई नगरातली माणसं यायची. अण्णा करायचे."

"पहिल्यांदा काही वाटलं असेल त्यांना?"

बाबांनी वस्तरा मिटला. "वाटलं असेल. पण घरी चार तोंडं होती, आणि वीट फुटपाथवर होती."

आजोबांचं मन बदललं की नुसती जागा बदलली, हे मला बाबांच्या उत्तरातून कळलं नाही. दुकान या शब्दाचा संविधान सभेतला अर्थ त्यांच्या विटेलाही लागू होता, एवढं खरं.

ब्लेडचं अर्ध

जाड आणि पातळ यांतली निवड आमच्या दुकानातून गेली ती नव्वदच्या दशकात.

तिची सुरुवात फार आधी, दूर अमेरिकेत झाली होती. किंग कँप जिलेटने १९०१ मध्ये कंपनी काढली. फेकून द्यायच्या पात्याचं पेटंट त्याला १९०४ मध्ये मिळालं. पहिल्या वर्षी, १९०३ मध्ये, त्याचे ५१ रेझर विकले गेले. पुढच्या वर्षी ९० हजारांवर. पातं सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचं. दाढीचा केसही जवळपास तेवढाच. दगड नको, पट्टा नको, न्हावी नको. आपल्या बाजूलाही ही पाती बनू लागली. मुलुंडचा चेकनाका ओलांडला की ठाण्यात विद्युत मेटॅलिक्सचा कारखाना होता. सुपरमॅक्सची पाती तिथे बनायची.

तरी सलूनमध्ये वस्तरा टिकून होता. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले. पुढच्या काही वर्षांत जाहिराती, पोस्टर, वर्तमानपत्रं सगळीकडून एकच सांगणं सुरू झालं की न्हाव्याकडे नवीन ब्लेड मागा. बाबांना ते दिवस आठवतात. रोजचं गिऱ्हाईक खुर्चीत बसून वस्तऱ्याकडे संशयाने बघायचं. बाबांनी दोन्ही वस्तरे धोकटीत टाकले आणि स्टीलचा तो साचा घेतला, ज्यात दुधारी ब्लेड मधोमध मोडून अर्ध अडकवतात. दिसायला वस्तऱ्यासारखाच. ब्लेड गिऱ्हाइकासमोर कागदातून काढायचं, मोडायचं, काम झालं की डब्यात टाकायचं. हे योग्यच झालं. यात हळहळण्यासारखं काही नाही.

पण त्या अर्ध्या ब्लेडला ना पाठ, ना पोट. रविवारची दाढी असो की रोजची, पातं तेच. पूर्वी जो निर्णय वस्तरा उचलतानाच व्हायचा, तो आता पूर्ण हातावर आला: किती उतरता धरायचा, किती दाबायचा, कातडी किती ताणायची, पाणी किती वेळ चोळायचं. बाबा म्हणतात, आधी वस्तरा माणसाप्रमाणे बदलायचो, नंतर मनगट बदलायला शिकलो. आज अंधेरीच्या एखाद्या चकाचक बार्बर शॉपमध्ये गरम टॉवेल लावून तुमची दाढी करणारा मुलगा हेच मनगट वापरतो.

एक शेवटची गोष्ट, माझ्यातल्या इंजिनीअरला आवडलेली. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाढीचे केस कापून बघितले. केस पोलादापेक्षा पन्नासेक पट मऊ, तरी पात्याची धार जाते. त्यांना दिसलं की धार नुसती झिजत नाही. तिचे बारीक टवके उडतात. पोलादाची रचना जिथे एकसारखी नाही तिथे, आणि केस वाकून आडवा आला की. अडचण पुन्हा तीच, हंट्समनच्या वेळची: पोलाद एकजीव नसणं.

उत्तर

आठवड्यानंतर मी मित्राला लिहिलं. हाफ हॉलो घे, सहा अष्टमांश, टोक गोल असलेला. फुल हॉलो तुझ्या गळ्यावर अडखळेल आणि वेजला धार लावणं तुला सुरुवातीला झेपणार नाही. गळ्याचे केस कुठल्या दिशेने जातात ते आधी बोट फिरवून बघ. आधी गरम पाणी, किमान दोन मिनिटं. उलटा हात मारू नकोस; पुटकुळ्या त्यानेच येतात. आणि एक दिवसाआड कर, रोज नको. दुसऱ्या कुणाला तुझा वस्तरा देऊ नकोस.

मग थोडा वेळ थांबून आणखी एक मेसेज टाकला. विकत घेताना ज्याला धार म्हणतात ती बहुतेक वेळा धार नसते, ती दगडावर लावावी लागते. मला जमते, पण माझ्यापेक्षा बाबांना चांगली जमते. त्यांनी चाळीस वर्षं सलून चालवलंय. आजोबाही हेच करायचे, घाटकोपर स्टेशनबाहेर.

दोन निळ्या टिका आल्या. बराच वेळ काही नाही. मग त्याने विचारलं, 'मग मी तुला इतके दिवस यूट्यूबच्या लिंक कशाला पाठवत होतो?'

शनिवारी तो मेट्रोने मरोळहून घाटकोपरला येतोय. बाबांनी दगड पाण्यात भिजत घालून ठेवायला सांगितलंय.